एका ऑक्सिजनचा फरक

फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला एक देकार दिला. एड्सवरची तीन औषधे एका रुग्णाला वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी खर्चात. पाश्चात्त्य कंपन्यांच्या अशाच उपचाराला तेव्हा वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे खर्च येत असे. या देकारातली तीन औषधे म्हणजे स्टॅव्हुडिन, लॅमिव्युडिन आणि नेव्हिरॅपिन. तिन्ही मिळून एक गोळी झाली आणि ती सकाळ-संध्याकाळ घ्यायची, एवढाच उपचार उरला. आफ्रिकेत आणि भारतात लाखो माणसे या तीन औषधांच्या आधाराने मरणाच्या दारातून परत आली.

भारत सरकारने १ एप्रिल २००४ रोजी हा उपचार मोफत द्यायला सुरुवात केली. पहिल्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते; पुढे ही केंद्रे जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोचली. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, देहविक्रयात अडकलेल्या स्त्रिया आणि त्यांची मुले यांच्यासाठी ‘स्नेहालय’ १९८९ पासून काम करत होते. एचआयव्हीची लागण झालेल्यांना जवळ करणे म्हणजे त्यांचे अखेरचे दिवस सुसह्य करणे, एवढाच अर्थ औषध येण्यापूर्वी बहुतेक ठिकाणी होता. औषध आल्यावर तो अर्थ बदलला. वजन वाढू लागले, ताप थांबले, माणसे शेतावर आणि कामावर परतली.

पण या गोळीची दुसरी बाजूही होती. काही महिन्यांनी, कुणाला वर्षा-दोन वर्षांनी, तळपायांची आग होऊ लागे. पायांत मुंग्या येत, रात्री पांघरुणाचा स्पर्श सहन होत नसे. गालांवरची चरबी झडे, डोळे खोल जात, हातापायांच्या शिरा वर दिसू लागत. थोड्या रुग्णांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल साठून जिवावरही बेतत असे. बसलेल्या गालांचा एक वेगळाच त्रास होता. ज्या आजाराची वाच्यता होऊ नये म्हणून माणूस दूरच्या तालुक्याच्या गावी जाऊन औषध आणत असे, त्याची ओळख हे गालच चारचौघांत करून देत. भारतात ही अडचण विशेष होती, कारण पर्यायी औषध झिडोव्हुडिन रक्तक्षय वाढवते. हिमोग्लोबिन आधीच कमी असलेल्या रुग्णांना, आणि आपल्याकडे असे रुग्ण पुष्कळ, स्टॅव्हुडिनच द्यावे लागे.

औषध विषाणूवर चालवलेले, मग माणसाच्या पायांतल्या मज्जातंतूंना त्याने का जाळावे? या प्रश्नाच्या उत्तरात एचआयव्हीइतकाच महत्त्वाचा आहे एक दुसराच विषाणू. तो माणसाला होत नाही. तो आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जीवाणूवर जगतो. त्याचे नाव टी-सात.

एकाच बाजूची कडी

आधी स्टॅव्हुडिन काय करते ते पाहू. डीएनए म्हणजे चार अक्षरांची लांब साखळी. तिची नक्कल करणाऱ्या विकराला डीएनए पॉलिमरेज म्हणतात. जुन्या धाग्यावरचे अक्षर वाचायचे, त्याच्या जोडीचे अक्षर आणायचे आणि नव्या धाग्याच्या टोकाला जोडायचे, हे त्याचे काम. प्रत्येक अक्षराला दोन्हीकडे जोडणीची सोय असते: एका बाजूने ते मागच्याला जोडले जाते आणि दुसऱ्या बाजूच्या हायड्रॉक्सिल गटावर, म्हणजे एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन यांच्या जोडीवर, पुढचे अक्षर येऊन बसते.

दौंड-मनमाड मार्गावर नगर स्थानकातून जाणारी लांबलचक मालगाडी डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक डब्याला पुढे-मागे कडी असते म्हणून गाडी लांबत जाते. एखादा डबा एकाच बाजूला कडी असलेला निघाला, तर तो लागेल. त्याच्यामागे मात्र काही लागणार नाही. स्टॅव्हुडिन हा असा डबा आहे. दिसायला तो थायमिडिनसारखा, पण पुढच्या जोडणीचा हायड्रॉक्सिल गट त्याला नाही. एचआयव्ही आपल्या आरएनएवरून डीएनए करून घेतो तेव्हा त्याचे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर हा बनावट डबा जोडते आणि साखळी तिथेच तुटते. झिडोव्हुडिन, लॅमिव्युडिन, टेनोफोव्हिर यांचे तत्त्वही हेच.

आता खरी गोम. आपल्या पेशीतही डीएनएची नक्कल करणारी विकरे आहेत. ती या बनावट अक्षराला ओळखतात की नाही, यावर औषध आणि विष यांमधली सीमा ठरते.

तळवा, बोटे, अंगठा

ओळखणे किंवा न ओळखणे हा आकाराचा प्रश्न आहे, म्हणून विकर प्रत्यक्ष कसे दिसते ते कळायला हवे. प्रथिनाचे स्फटिक करून त्यावर क्ष-किरण सोडले, की किरणांच्या विखुरण्यावरून अणूंच्या जागा काढता येतात. अडचण स्फटिक मिळवण्याची. माणसाची पॉलिमरेज विकरे मोठी, अनेक तुकड्यांची आणि पेशीत थोडीच असणारी. ती पुरेशा प्रमाणात आणि शुद्ध रूपात मिळवायला फार काळ लागला. जीवाणूंची आणि त्यांच्यावरच्या विषाणूंची विकरे त्या मानाने आटोपशीर आणि मुबलक.

सुरुवात जीवाणूपासून झाली. आर्थर कोर्नबर्ग यांनी ई. कोलायमधून पहिले डीएनए पॉलिमरेज वेगळे केले आणि १९५९ साली त्यांना नोबेल मिळाले. त्याच विकराच्या मोठ्या तुकड्याची रचना १९८५ साली येल विद्यापीठात टॉमस स्टाइट्झ यांच्या गटाने उलगडली. ते विकर अर्धवट मिटलेल्या उजव्या हातासारखे दिसत होते. तळव्यावर रसायनक्रिया घडते, अंगठा डीएनए धरून ठेवतो, बोटे नवे अक्षर आणून देतात. १९९२ साली एचआयव्हीच्या विकराची रचना स्टाइट्झ यांच्याच प्रयोगशाळेतून आली. तिथेही तोच हात होता. जीवाणू आणि एड्सचा विषाणू यांच्यात एरवी काहीही साम्य नसताना नकलेचे मूळ यंत्र एकाच साच्याचे निघाले.

टी-सातची वेळ त्यानंतर आली. टी-एक ते टी-सात ही नावे १९४५ साली डेमेरेक आणि फानो यांनी दिली. जीवाणू खाणाऱ्या विषाणूंचा अभ्यास सगळ्यांनी एकाच मोजक्या संचावर करावा, म्हणजे निष्कर्ष ताडून पाहता येतील, हा मॅक्स डेलब्रुक यांचा आग्रह त्यामागे होता. टी-सातचा जनुकसंच ३९,९३७ अक्षरजोड्यांचा. जीवाणूत शिरल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तो जीवाणू फोडून बाहेर पडतो. डीएनएची नक्कल करायला त्याला फक्त चार प्रथिने लागतात: पॉलिमरेज, दुहेरी पीळ उलगडून नव्या धाग्याची सुरुवात करून देणारे एक प्रथिन, उघडा धागा सांभाळणारे तिसरे, आणि चौथे थायोरेडॉक्सिन. हे चौथे तो यजमान जीवाणूकडून उसने घेतो. थायोरेडॉक्सिन पॉलिमरेजला डीएनएवर टिकवून धरते. ते नसेल तर पॉलिमरेज थोडी अक्षरे जोडून गळून पडते. हार्वर्डमध्ये चार्ल्स रिचर्डसन यांनी अनेक दशके या चार प्रथिनांचाच ध्यास घेतला होता.

या विकराचा वेग आणि अचूकता मोजण्याचे महत्त्वाचे काम १९९१ साली स्मिता पटेल, आयझॅक वाँग आणि केनेथ जॉन्सन यांनी प्रसिद्ध केले. सेकंदाच्या हजाराव्या भागांत विक्रिया थांबवून त्यांनी एकेक पायरी वेगळी केली. टी-सातचे विकर सेकंदाला सुमारे ३०० अक्षरे जोडते हे त्यातून दिसले. स्मिता पटेल पुढे रटगर्स विद्यापीठात याच विषाणूच्या विकरांवरून माणसाच्या पेशीतल्या त्यांच्या भावंडांकडे वळल्या.

जानेवारी १९९८ मध्ये टी-सातच्या पॉलिमरेजची रचना प्रसिद्ध झाली. सिल्व्ही डुब्लिए, स्टॅन्ली टेबर, रिचर्डसन आणि टॉम एलनबर्गर यांच्या या कामात विकर, थायोरेडॉक्सिन, डीएनए आणि नुकतेच आत आलेले अक्षर, सगळे एकत्र दिसले. बोटे अक्षरावर मिटलेली, जोडणी व्हायच्या क्षणीच गोठवलेली. हा क्षण पकडायला त्यांनी एकाच बाजूची कडी असलेली अक्षरेच वापरली होती, म्हणून विक्रिया पुढे सरकली नाही. औषध पेशीत जे करते, तेच इथे स्फटिकात करून पाहिले गेले.

पाचशे सव्विसाव्या जागी

कोडे सुटायला लागणारा धागा मात्र तीन वर्षे आधीच हाती आला होता, आणि तो औषधाच्या शोधातून आला नव्हता. टेबर आणि रिचर्डसन यांना डीएनएची अक्षरे वाचण्याची पद्धत सुधारायची होती. ही पद्धतही एकाच बाजूच्या कडीवर चालते: साखळी ठिकठिकाणी तोडायची आणि तुकड्यांच्या लांबीवरून अक्षरक्रम लावायचा. त्यासाठी बनावट अक्षर सहज स्वीकारणारे विकर हवे. टी-सातचे विकर ते आनंदाने घेई, ई. कोलायचे विकर आणि उष्ण झऱ्यातल्या जीवाणूचे टॅक विकर त्याला दाद देत नसे. तिघेही एकाच कुळातले, मग हा फरक का?

१९९५ साली त्यांनी उत्तर दिले. टी-सातच्या विकरात ५२६व्या जागी टायरोसिन हे अमिनो आम्ल आहे. ई. कोलायच्या विकरात त्याच ठिकाणी, म्हणजे त्याच्या मोजणीनुसार ७६२व्या जागी, फेनिलअॅलनिन आहे. या दोन अमिनो आम्लांत फरक एका ऑक्सिजन अणूचा. टायरोसिनच्या टोकाला हायड्रॉक्सिल गट असतो, फेनिलअॅलनिनला नसतो. टी-सातमधला टायरोसिन बदलून तिथे फेनिलअॅलनिन बसवला, तेव्हा बनावट अक्षर नाकारण्याची त्याची क्षमता २००० पटींहून जास्त वाढली. ई. कोलायच्या आणि टॅकच्या विकरात उलटा बदल केला, तर ती बनावट अक्षरे घेऊ लागली. बनावट अक्षराला जो हायड्रॉक्सिल गट नसतो, त्याची उणीव विकराचा स्वतःचा हायड्रॉक्सिल गट भरून काढतो. अंगठी हरवलेल्या बोटाला दुसऱ्याने अंगठी पुरवावी तसे. मग पारखणाऱ्याला खोटे काही वाटतच नाही.

मानवी जनुकसंचाच्या वाचनाला या शोधाने मोठी गती दिली. आणि त्याच ऑक्सिजनने पायांच्या आगीचे कारणही सांगितले.

पेशीतला जुना पाहुणा

आपल्या पेशीत डीएनए दोन ठिकाणी असतो. बहुतेक सगळा केंद्रकात. थोडासा तंतुकणिकांत, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणांत. तंतुकणिकेतला डीएनए केवळ १६,५६९ अक्षरजोड्यांचा, ३७ जनुकांचा. तंतुकणिका कधीकाळी स्वतंत्र जीवाणू होत्या आणि दुसऱ्या पेशीत शिरून कायमच्या राहिल्या, हे आता सर्वमान्य आहे. त्यामुळे त्यांचे नक्कल-यंत्र जीवाणूसारखे असेल अशी अपेक्षा होती. निघाले ते टी-सातसारखे.

तंतुकणिकेतले पॉलिमरेज गॅमा टी-सातच्या पॉलिमरेजच्याच कुळातले आहे. पीळ उलगडणारे प्रथिन २००१ साली सापडले तेव्हा ते टी-सातच्या चौथ्या जनुकाच्या प्रथिनाशी जुळले. पेशीत ते ताऱ्यांसारखे लुकलुकणारे ठिपके दाखवते म्हणून त्याचे नाव ठेवले ‘ट्विंकल’. आरएनए करणारे विकरही टी-सातच्या विकराशी नाते सांगते. जीवाणू पेशीत शिरला तेव्हा त्याच्या अंगात टी-सातसारख्या एखाद्या विषाणूची जनुके होती आणि कालांतराने त्यांनी मूळ यंत्राची जागा घेतली, असा तर्क अभ्यासक करतात. म्हणजे आपल्या प्रत्येक श्वासाची ऊर्जा पुरवणारी व्यवस्था जीवाणूची, आणि तिची नक्कल राखणारी यंत्रणा जीवाणूच्या शत्रूची.

पॉलिमरेज गॅमाची स्वतःची रचना १९९८ साली कुणापाशी नव्हती. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधल्या पर्यावरण-आरोग्य संस्थेत विल्यम कोपलंड यांच्या गटाने माणसाच्या विकराचा अमिनो आम्लांचा क्रम टी-सातच्या क्रमाशेजारी ठेवला. टी-सातच्या ५२६व्या जागेसमोर माणसाच्या विकराची ९५१वी जागा आली आणि तिथे टायरोसिनच होता. त्यांनी तो बदलून फेनिलअॅलनिन बसवला, तेव्हा विकर बनावट अक्षरे नाकारू लागले. पुढे २००३ साली टी-सातच्या रचनेवर बेतलेले मानवी विकराचे प्रतिरूप पुढे ठेवून त्यांनी एकेका औषधाचा विचार केला. स्टॅव्हुडिन आत शिरते ते मुख्यतः या ९५१व्या जागेच्या टायरोसिनमुळे, हे त्यात दिसले.

केनेथ जॉन्सन यांनीही, टी-सातवर घासून घेतलेली मापनाची पद्धत वापरून, २००१ साली पॉलिमरेज गॅमा कोणते औषध किती सहज जोडते याची क्रमवारी लावली. सर्वांत वर झाल्सिटॅबिन, डिडॅनोसिन आणि स्टॅव्हुडिन. लॅमिव्युडिन आणि टेनोफोव्हिर बरेच खाली. दवाखान्यात दिसणाऱ्या त्रासाची क्रमवारी पुष्कळशी अशीच होती. झिडोव्हुडिन या यादीत खाली असूनही त्रास देते. त्याची वाट निराळी आहे.

मग त्रास पायांनाच का? मज्जापेशी विभागत नाहीत, तरी त्यांच्या तंतुकणिकांचा डीएनए सतत नवा होत राहतो. कमरेपासून तळपायापर्यंत पोचणारा मज्जातंतू शरीरातला सर्वांत लांब. त्याच्या टोकापर्यंत ऊर्जा पुरवायला तंतुकणिका धडधाकट हव्यात. डीएनएच्या नकला अर्धवट राहू लागल्या की तुटवडा आधी टोकाला जाणवतो. चरबीच्या पेशी झडणे आणि लॅक्टिक आम्ल साठणे हीही ऊर्जेच्या त्याच दिवाळखोरीची रूपे. केंद्रकातला डीएनए मात्र सुरक्षित राहिला. तिथली मुख्य विकरे अल्फा, डेल्टा आणि एप्सिलॉन दुसऱ्या कुळातली. ती अशा अक्षरांना सहसा जवळ करत नाहीत.

आरशाची मर्यादा

केंद्रकातल्या त्या विकरांचा चेहराही आधी विषाणूतच दिसला. टी-चारचा नातेवाईक आरबी-६९ हा जीवाणूभक्षी विषाणू अल्फा, डेल्टा, एप्सिलॉन यांच्या कुळातला. त्याच्या पॉलिमरेजची रचना १९९७ साली आणि नक्कल करतानाची रचना २००१ साली आली. यीस्टच्या डेल्टा विकराची रचना अनिल अगरवाल आणि प्रकाश दांपत्य यांच्या गटांनी २००९ साली दिली. मधली वर्षे माणसाच्या कर्करोगाशी निगडित बदलांचा विचार आरबी-६९च्या साच्यावरच करावा लागला. केंद्रकातले नक्कल-यंत्र कोणकोणत्या प्रथिनांनी बनते याची यादीही एका विषाणूमुळेच हाती आली. तो एसव्ही-४०, माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींत १९६० साली सापडलेला. त्याच्याकडे स्वतःचे एकच मोठे प्रथिन असते, बाकी सगळे तो यजमानाकडून घेतो. १९८४ साली ली आणि केली यांनी त्याच्या डीएनएची नक्कल परीक्षानळीत घडवली आणि मग त्याला लागणारी यजमानाची प्रथिने एकेक करून ओळखता आली.

पण साचा म्हणजे मूळ वस्तू नव्हे. पॉलिमरेज गॅमाची खरी रचना २००९ साली व्हिटनी यिन यांच्या गटाने दिली, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. रसायनक्रिया घडते तो खळगा टी-सातच्या प्रतिरूपाने सांगितल्याप्रमाणेच होता. मात्र टी-सात जिथे थायोरेडॉक्सिन वापरतो, तिथे माणसाच्या विकराला दोन सारख्या प्रथिनांची जोडी लागते आणि ती जोडी मुख्य विकराला एकसारखी चिकटत नाही. विकराच्या मधल्या भागात टी-सातमध्ये नसलेला मोठा तुकडा आहे. या भागातल्या दोषांमुळे होणाऱ्या आजारांबद्दल विषाणूचा साचा फार काही सांगू शकला नसता. जवळच्या नातेवाइकावरून चेहरेपट्टी कळते, स्वभाव कळेलच असे नाही.

आजार थोडके नाहीत. पॉलिमरेज गॅमाच्या जनुकातल्या दोषांमुळे मुलांना अल्पर्स सिंड्रोम होतो. फिट्स थांबत नाहीत आणि यकृत निकामी होते. अशा मुलाला फिट्सवरचे नेहमीचे व्हॅलप्रोएट दिले तर यकृताचा घात होऊ शकतो, म्हणून संशय असेल तिथे ते टाळण्याचा स्पष्ट इशारा आहे. ट्विंकलच्या दोषाने पापण्या खाली येतात, डोळ्यांची हालचाल मंदावते. त्यातले अनेक दोष आधी टी-सातच्या प्रथिनात समोरची जागा शोधून समजून घेतले गेले.

स्टॅव्हुडिनचे पुढे काय झाले? त्याचा डोस आधी ४० मिलिग्रॅमवरून ३०वर आणला गेला. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सांगितले. भारतातही त्याची जागा हळूहळू टेनोफोव्हिरवर आधारलेल्या गोळीने घेतली. त्या औषधाला दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. ज्या वर्षी दुसरे काही परवडत नव्हते, त्या वर्षी त्याने माणसे जगवली आणि पुढच्या चांगल्या औषधापर्यंत पोचवली. टेबर आणि रिचर्डसन अक्षरे वाचायच्या यंत्रासाठी टायरोसिन बदलत होते, तेव्हा त्यांच्यासमोर नगरचा किंवा नैरोबीचा रुग्ण नव्हता. तरी त्याच्या पायांची आग मनाची किंवा अशक्तपणाची नाही, तिला पत्ता आहे, ९५१वी जागा, हे त्यांच्या त्या कामामुळेच सांगता आले.

औषध बदलल्यावर अनेकांच्या पायांची आग कमी झाली. गाल मात्र सगळ्यांचे भरून आले नाहीत. त्या काळातून वाचलेली माणसे आजही औषध घ्यायला येतात. खोल गेलेले ते गाल कुणी पाहिले, तर आजार दिसतो. पण खरे तर तिथे दिसते ती आयुष्याच्या बदल्यात मोजलेली किंमत.